न तपासता निकामी

आरटीओ साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. माझं बोनेट उघडलं नाहीत, धूर मोजला नाहीत, खुर्चीतून उठलातसुद्धा नाही. कागदावरचं साल बघितलंत आणि शेरा मारलात, 'निकामी'.

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल पिकअप आहे. वय वर्षं सोळा. लोखंडी फाटकं बनवणाऱ्या एका कारागिरानं मला नवी घेतली. दुकानात माझ्या शेजारी पेट्रोलवाली उभी होती, स्वस्त आणि गोड आवाजाची. विक्रेता म्हणाला, "हीच घ्या, देखभाल कमी."

मालक म्हणाले, "टनभर लोखंड घेऊन डोंगर चढायचाय. मिरवायचं नाही."

बारा वर्षं मी तो डोंगर चढले. कुरकुरत, पण चढले.

मग मालकांचे गुडघे गेले आणि वर्कशॉप लेकीनं हातात घेतलं. तिला कामं जवळपासचीच मिळत: खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. दोन किलोमीटर जा, दोन किलोमीटर या. माझं इंजिन तापायच्या आत बंद. सुट्टीच्या दिवशी मालक मला मायेनं जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवायचे. "हातपाय मोकळे होऊ देत तिचे!" त्या मायेनंच घात केला. इंजिन पुरतं तापेना, म्हणून काजळी जळेना, सायलेन्सरमधली जाळी तुंबली, मला साध्या चढावर धाप लागू लागली.

मेकॅनिकबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, हिला रोग नाही. पहिलवानाला तुम्ही सुई आणायला धाडताय!"

"ऐकलंत बाबा?"

"मी तर लाड करत होतो गं."

"लाडच नडले."

जाळी साफ झाली. जवळच्या फेऱ्यांसाठी लेकीनं एक जुनी पेट्रोल पिकअप आणली. सवत आली म्हणून मी फुगले होते. पण खरं ते सांगते: हलकं ओझं, थोडं अंतर, तर तीच परवडते. जड आणि लांबचं असेल तर मी. टिकाऊ कोण, हे दुकानात ठरत नाही, कामावर ठरतं.

आणि आता लेकीला पहिलं मोठं काम मिळालंय, डोंगरावरच्या दवाखान्याचं फाटक. ते पेट्रोलवालीला झेपणार नाही. नेमका तेव्हाच, साहेब, तुमचा शेरा आला. लेक तडक तुमच्या टेबलाशी आली.

"तपासणी केलीत?"

"कशाला? वय दिसतंय की!"

"वय तर तुमचंही दिसतंय, साहेब."

मागची रांग खो खो हसली. तुम्ही मात्र तिचा तपासणीचा अर्ज घेतलात. त्या अर्जावर माझी आशा आहे.

मित्रांनो, कुणाकडूनही काम घ्या, पण त्याच्या जोगतं घ्या. आणि मोडीत काढण्याआधी एकदा तपासून बघा.

साहेब, हवा तुमच्या लेकरांचीही आहे, हे मला कळतं. धुरात नापास झाले तर स्वतःच्या चाकांनी भंगारात जाईन. पण पास झाले तर शेरा खोडणार का? फाटक रंगवून तयार आहे. तपासणीला कधी येऊ? तारीख सांगा, आणि लेखी सांगा.