बन्सीदादांची पहिली प्रार्थना

मरणाच्या दारात माणूस एकटा असतो. बन्सीदादा भालेरावांच्या मरणाच्या दारात मात्र त्या दुपारी चपलांचे चौदा जोड होते, आणि घरातला पंखा पुरत नव्हता.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं, "वय झालंय. रक्त तपासायला नगरला पाठवलंय, पण घरी न्या आणि जवळच्यांना बोलावून घ्या." दादा ब्याऐंशीचे. चार दिवस अन्न सुटलेलं, डोळे मिटलेले, बोलणं तुटक. सून निकिताने मोबाईलवरून निरोप धाडले आणि वस्ती गोळा झाली. शेजारच्या कडूबाईंनी आल्या आल्या रडून घेतलं, म्हणजे नंतर कामाला मोकळ्या. चर्चचे पाळकसाहेब आले, सगळ्यांना सलाम झाला, बायबलमधून शास्त्रवाचन झालं.

छबूबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. ते कुठे जाणार याची त्यांना काळजी नव्हती. ती जागा ठरलेली होती. काळजी वेगळीच होती. लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत दादांनी स्वतःच्या तोंडाने एकदाही प्रार्थना केली नव्हती. जेवणावर, पेरणीला, नातीच्या बारावीला प्रार्थना छबूबाईंनी करायची आणि दादांनी "आमेन" म्हणायचं. आमेन मात्र दणदणीत. घरगुती प्रार्थनेत पाळी फिरत फिरत दादांपर्यंत आली, की ते शेजारच्याला कोपर मारायचे.

"पाळकसाहेब," छबूबाई म्हणाल्या, "ह्यांनी तिथं जाऊन तोंड उघडलं तर देवाला आवाज तरी वळखू यील का? तिथं समदा माझाच आवाज म्हाईत हाय."

"देव अंतःकरण पाहतो, बाई."

"त्यो बघंल वो. पर ह्यांनी एकदा बोलाया नगं का? मी किती दिस मधी बोलू?" मग त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "अहो, ऐकताय का? एकदा तुमच्या तोंडानं प्रार्थना करा. दोनच शब्द."

दादांनी डोळे किलकिले केले. "मला न्हाई जमत, छबे. तुमी समदे त्याला अरेतुरे करता. तू ऐक, तू दे. मला त्ये हुत न्हाई."

"अवो, बाप हाय त्यो आपला!"

"बापाला तरी मी कवा अरेतुरे केलं?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. दादा साखर कारखान्याच्या कचेरीत चौतीस वर्षं शिपाई होते. वरच्या माणसाशी बोलायची त्यांना एकच रीत ठाऊक होती.

"मग साहेब म्हना," छबूबाई म्हणाल्या. "पर बोला."

दादांनी निकिताला उशी उंच करायला लावली. सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

"प्रति," दादा म्हणाले.

मागे कोणीतरी हसू खोकल्यात घातलं.

"प्रति, माननीय परमेश्वरसाहेब, स्वर्ग. विषय, रजा मिळण्याबाबत. महोदय, सविनय सादर. मी बन्सी सखाराम भालेराव. मी स्वतः आपल्याकडं कवा आलो न्हाई. माझ्या वतीनं मिसेस येत हुत्या. त्यांनी मागितलं त्यातलं लई माझ्यासाठीच हुतं, त्ये मिळालं. आभारी आहे." त्यांनी दम घेतला. "मला भ्या वाटतंय. हे मिसेसना कळू नये." मिसेस हातभर अंतरावर त्यांचा हात धरून बसल्या होत्या. "तरी आपन स्वतः न्यायला यावं, कुनाला धाडू नये. चौतीस वर्षं मी लोकांना आत सोडलं, पर स्वतः आत कसं जायचं त्ये मला ठावं न्हाई. मिसेसना इतक्यात बोलावू नये. त्यांचे गुडघे दुखत्यात, चढ चढवत न्हाई. कळावे."

सगळे आमेनसाठी तोंड उघडून बसले.

"आपला विश्वासू," दादा म्हणाले आणि थकून डोळे मिटले.

आता आमेन म्हणायचं की नाही, कोणालाच कळेना. "येशूच्या नावानं मागतो, हे ऱ्हायलं," कडूबाई कुजबुजल्या. लोकांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब रुमाल शोधत होते.

"आमेन," छबूबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ असल्यामुळे ते फारसं दणदणीत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून रिपोर्ट आला. दादांच्या रक्तातलं मीठ कमी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन सलाईन लावा, उठून बसतील.