चुकलेला तिसरा सूर

आभार मानायची मला सवय नाही. जन्मभर बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. तिथे लोक आमचे आभार मानायचे आणि आम्ही "बरं बरं, आता बाजूला व्हा" म्हणायचो. पण सध्या जो भेटेल त्याचे आभार मानावेसे वाटतात, आणि सुरुवात खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंपासून करायला हवी. दीड वर्ष त्यांनी मला रोज सकाळी आपल्या दुकानात बसू दिलं. मी बसल्या बसल्या त्यांना बटणं लावून द्यायची. ती बाई मागाहून उसवून पुन्हा लावत असाव्यात असा मला दाट संशय आहे.

खाली बसायचं कारण सूनबाई. ती पियानो वाजवते, आणि हौस म्हणून नव्हे, तोच तिचा धंदा. ती आणि तिची मैत्रीण, दोघी मिळून एकाच पियानोवर वाजवायच्या. मैत्रीण अंगाने किडकिडीत आणि इतकी उंच, की दारातून वाकून येते. मनातल्या मनात मी तिला शिडी म्हणते. सूनबाई बसून पट्ट्यांवर हात चालवणार आणि शिडी शेजारी कधी बसून, कधी उभी राहून वाजवणार. पियानोचं पुढचं झाकण काढून आतल्या तारांमध्ये खोडरबर, लोकरीचे तुकडे, चमचे असलं काहीबाही अडकवायचं कामही तिचंच. मग एक सूर घंटेसारखा निघतो, तर दुसरा कुणी दार ठोठावल्यासारखा. कागदावर काही लिहिलेलं नसतं, ऐन वेळी सुचेल ते खरं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिरंजीवांना हळूच विचारलं होतं, "हा पियानो दुरुस्त करून मिळत नाही का रे?"

दीड वर्षापूर्वी एका मोठ्या सभागृहात, भर कार्यक्रमात, सूनबाईचे हात थांबले. का थांबले ते तिलाही सांगता येत नाही. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. लोक खोकले, कुजबुजले, शेवटी पडदा पाडावा लागला. तेव्हापासून कुणी ऐकतंय अशी नुसती शंका आली तरी तिची बोटं लाकूड होऊन जायची. मोठमोठे डॉक्टर झाले, विश्रांती झाली, काही उपयोग नाही. चिरंजीव कामावर आणि मी बाहेर, एवढ्या वेळातच आमच्या घरात पियानो वाजायचा.

मी फिरायला जाते असं तिला सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात मी एकच जिना उतरत असे. दुकानाच्या छतातून मला सगळं ऐकू यायचं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा श्वास ऐकत बसावं तशी मी बसायची. वाजणं मधेच थांबलं की माझी सुईही बटणात थांबायची. ज्या शिंपीणबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी गल्ली म्हणते, त्यांनी ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही. माणसाला उगाच नावं ठेवू नयेत.

शिडीला दुसरी जोडीदारीण सहज मिळाली असती. तिने शोधलीच नाही. एक दिवस ती आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "सभागृह राहू दे. तुझ्याच घरात वाजवू. पियानो तुझा, माणसंही तुझीच."

"आणि हात थांबले तर?"

"तर आपला नियम आहे ना."

त्या दोघींचा नियम असा, की वाजवताना एकीची वाट चुकली तर दुसरीने तिचे शेवटचे सूर उचलायचे आणि ती परत येईपर्यंत तेच वाजवत राहायचं. त्या सभागृहात शिडीने ते केलं होतं. पडदा पडेपर्यंत केलं होतं.

सूनबाईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "एकदाच. नाही जमलं तर पियानो कुणाला तरी देऊन टाकायचा. त्यावर पुन्हा बोलायचं नाही. आई, तुम्हीसुद्धा."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

रविवारी दुपारी कार्यक्रम ठरला. सोफा स्वयंपाकघरात ढकलला, शेजारपाजारहून खुर्च्या आणल्या. एकीला पाठ नव्हती, तिच्यावर चिरंजीव बसले. शिंपीणबाई स्वतः शिवलेलं घालून पुढच्या रांगेत, त्यांच्या शेजारी समोरच्या इमारतीतले दंतवैद्य. आपण अगदी खास पाहुणे आहोत असा त्यांचा थाट. बसलेल्यांचे गुडघे पियानोपासून हातभर अंतरावर होते. मी दाराजवळची जागा धरली, कारण तिथून सूनबाईचा चेहरा दिसतो.

सुरुवात झाली आणि झाली ती छानच. मला त्यातलं कळत नाही, पण आमच्या बैठकीच्या खोलीत एवढे आवाज मावतात हे मला ठाऊक नव्हतं. शिडी उभी राहून एका हाताने तारा छेडत होती, दुसऱ्याने पट्ट्या दाबत होती. सूनबाईचे हात तिच्या हाताखालून जात होते, वरून येत होते, आणि एकदाही एकमेकींना धक्का नाही. आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका असल्या की एवढं जमत नाही.

आणि मग सूनबाईचे हात थांबले.

शिडीने तिचे शेवटचे चार सूर उचलले. तेच चार, पुन्हा तेच चार. कुणाला काही कळलं नाही. ही रचनाच अशी आहे असं सगळ्यांना वाटलं असणार. दंतवैद्य तर डोळे मिटून डोलत होते. मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. सूनबाईचे हात मांडीवर गेले होते. चेहरा तोच, जो मी त्या सभागृहात पाहिला होता. मी देव पाण्यात घालून बसले होते. दार मागेच होतं, तरी मी उठले नाही. पोरीच्या नशिबात काय असेल ते बघायला घरातलं कुणीतरी हवं.

चार सूर. चार सूर. चार सूर. आणि एकदा तिसरा चुकला.

आमच्या सूनबाईला चूक सोसत नाही. मी रविवारला शनिवार म्हटलं तरी ती दुरुस्त करणार, तेही पाहुण्यांदेखत. यावरून आमचे खटके उडाले आहेत. तर शिडीचा तिसरा सूर चुकला आणि सूनबाईचा उजवा हात मांडीवरून उडाला. तिने बरोबर पट्टी अशी ठणकावून दाबली, की दंतवैद्यांचे डोळे उघडले.

शिडीने पुन्हा चुकीचाच वाजवला. सूनबाईने पुन्हा दुरुस्त केला, या वेळी दोन्ही हातांनी आणि चांगल्याच रागाने. मग शिडी चुकतेय आणि ही सुधारतेय, ती मुद्दाम खोड काढतेय आणि ही तिला रागे भरतेय, असं ते भांडण वाढत वाढत सगळ्या पियानोभर पसरलं. शिंपीणबाई खुदकन हसल्या. त्यांच्यामागे सगळे हसले. सूनबाईने मान वळवून लोकांकडे पाहिलं, लोक आहेत हे तिला दिसलं, आणि तिचे हात चालूच राहिले. मी रडले. लपवलं नाही.

टाळ्या झाल्यावर शिडी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. मी तिला सोफ्यावर बसवलं, म्हणजे निदान माझ्या हाताला लागेल. तिचा चेहरा हातात धरून म्हटलं, "पोरी, तुझे उपकार मी कसे फेडू? काय डोकं चालवलंस! बरोबर तिसरा सूर चुकवलास."

"काकू, चुकवला कुठला? चुकला!" ती नाक पुसत म्हणाली. "ती परत येत नाही हे बघून मला रडू आलं. पट्ट्याच दिसेनात."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मुद्दाम," ती म्हणाली. मग आम्ही दोघी त्या अडगळीत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मी त्या चुकीचेसुद्धा आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे चपला घातल्या.

"आई, बसा ना," सूनबाई म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि पियानोपाशी जाऊन बसली. मी चपलांसकट खुर्चीत टेकले. तिने सुरुवात केली. सवयीने मी थोडा वेळ श्वास रोखून धरला, मग कधीतरी सोडला, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून माझ्या पायांवर आलं होतं आणि पियानो वाजतच होता.

"अगं, मी झोपले की काय?"

"घोरत होतात," ती म्हणाली. मागे वळली नाही की थांबली नाही. "पण तालात घोरत होतात, म्हणून मीही तुमच्याबरोबर वाजवत राहिले."