दोन आटे सैल

बायको जाऊन चौथा महिना लागला आणि काटेवाल्यांनी गाडी घेतली. साधीसुधी नव्हे! डोंगर चढणारी, पाण्यातून जाणारी, आत चामड्याची आसनं आणि चकचकीत लाकडाची पट्टी असलेली. नवी असताना बड्या धेंडांनीच घ्यावी अशी. पण ती नवी होती त्याला चौदा वर्षं झाली होती आणि मीटरवर तीन लाख अकरा हजार किलोमीटर पडले होते.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांनी चाळीस वर्षं नीट केले आणि मग दुकान बंद केलं. अशा माणसाला ही गाडी कशाला हवी? विकणारा हॉटेलवाला भला होता. त्यानं आधीच बजावलं, "काका, गाडी राणी आहे, पण नखरेही राणीचेच. विचार करून घ्या." काटेवाले म्हणाले, "हूं," आणि किल्ली खिशात घातली.

लेक फोनवर कडाडली. "बाबा, जायचंय कुठं तुम्हाला? पांढरा हत्ती आणून बांधलात दारात!"

"हूं."

त्या दिवसांत ते सगळ्यालाच हूं म्हणत. दाढ काढल्यावर तासभर गाल आपला वाटत नाही ना, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. बायको गेली तेव्हा ते रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! त्यांना काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात गाडीचा एक कोपरा खाली बसला. त्या गाडीला लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या असतात. डावीकडची मागची पिशवी गळत होती, त्यामुळे सकाळी बघावं तर गाडी थकलेल्या म्हशीसारखी एका अंगावर कलंडलेली. काटेवाले तिला हळूहळू चालवत जवळच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले.

गॅरेज एका भाच्याचं. तो बोलायचा, बिलं करायचा, गिऱ्हाइकांना हसवायचा. काम करायचे त्याचे मामा. वय बासष्ट, बोटं जाडजूड, तोंड फटकळ. अख्खं गॅरेज त्यांना मामाच म्हणायचं. गाडीचं बॉनेट उघडून ते म्हणाले, "काय बाई, कुठं कुठं दुखतंय?" आणि मग तासभर ते त्या गाडीशीच भांडत राहिले. भिंतीजवळ एका जुन्या गाडीचं सीट ठेवलेलं होतं, त्यावर काटेवाले बसले. मामांनी त्यांना कसे आहात, जेवता का, झोप लागते का, असलं काही विचारलं नाही. फक्त "तो पाना द्या" म्हणाले. काटेवाल्यांनी पाना दिला. त्या दिवशी घरी जाऊन ते दोन घास जास्त जेवले.

पिशवी झाली, मग काचेची मोटर गेली. मग तेल गळायला लागलं, मग मागचं दार उघडेना, मग इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या बदलायच्या झाल्या. एवढ्या चाललेल्या गाडीचं असंच असतं, एक दुखणं निस्तरावं तर दुसरं हजर. काटेवाले रोज दहाला येत आणि सहाला जात. गाडी तयार असली तरी येत, कारण उद्या काहीतरी बिघडणारच होतं.

मामांची एक रीत होती. नळीवरची पट्टी स्क्रूनं आवळली की त्या स्क्रूवरून पट्टीवर जाणारी एक पिवळ्या रंगाची रेघ ते ओढत. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. "माझी रेघ सरळ, म्हणजे काम पक्कं," असं ते छातीवर हात मारून सांगत.

सहा महिन्यांनी भाच्यानं टाळी वाजवली. "काका, सुटलात! बिघडायला काही उरलंच नाही. आता सहा महिने तोंड दाखवू नका."

काटेवाले घरी गेले. घरात दोन खुर्च्या, दोन पेले, एक माणूस. त्यांनी चार दिवस काढले. गाडी एका झटक्यात सुरू होई, सकाळी चारी पायांवर ताठ उभी असे. पाचव्या दिवशी त्यांनी काटे दुरुस्त करायचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला, बॉनेट उघडलं आणि पाण्याच्या नळीवरचा स्क्रू बरोबर दोन आटे सैल केला. अर्धा नाही, पाऊण नाही. पूर्ण दोन फेरे, म्हणजे पिवळी रेघ पुन्हा जिथल्या तिथं. चाळीस वर्षांचे हात ते, केसभर चुकले नाहीत. नळीच्या तोंडाशी थेंब धरला. दहाला ते गॅरेजात होते.

मामा रेघेकडे बघून म्हणाले, "सरळ तर आहे. मग गळतेय कशी?" त्यांनी पुन्हा आवळलं, पुन्हा रेघ ओढली. नऊ दिवसांनी तेच. आणखी आठ दिवसांनी तेच. तिसऱ्या वेळी मामा गाडीशी भांडले नाहीत. आपलाच पंजा डोळ्यांसमोर धरून मूठ मिटत-उघडत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत.

"काम सोडलं त्यांनी," भाचा म्हणाला. "म्हणतात, माझे हात गेले. आवळलंय असं मला वाटतं, पण ते आवळलेलं नसतं. आज पाण्याची नळी सुटली, उद्या कुणाचा ब्रेक सुटेल. माणूस मरण्यापेक्षा पाना ठेवलेला बरा. पाया पडलो हो मी, ऐकत नाहीत." मग त्यानं काटेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं काका."

काटेवाले सीटवर बसून राहिले. सांगितलं तर ही जागा गेली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. नाही सांगितलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. शरम वाटली का? खरं सांगू? नाही वाटली. आपण वाईट केलं हे त्यांना कळत होतं, पण वाटत नव्हतं. ते आठवडाभर रोज आले, रोज बसले. आता पाना मागणारंही कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी मामा हत्यारांची पेटी न्यायला आले. भाच्यानं पाण्याची बाटली पुढे केली. मामा दोन घोट प्यायले आणि बाटली परत देत म्हणाले, "झाकण तू लाव रे. नीट लाव. माझ्याच्यानं होत नाही."

काटेवाले उठले.

"मामा, जरा इकडं या."

त्यांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मामांच्या डोळ्यांदेखत दोन आटे सैल केले. रेघ सरळ राहिली. थेंब आला, लोंबला, पडला.

"तिन्ही वेळा मीच," ते म्हणाले. "तुमच्या हातांना काही झालेलं नाही."

भाचा अंगावर धावून आला. "काका! अहो, जनाची नाही तर मनाची तरी..." मामांनी त्याला हातानंच थांबवलं. ते बराच वेळ रेघेकडे बघत होते.

"का केलंत?"

"इथं यायला मिळावं म्हणून."

"मग नुसतं यायचं होतंत की," मामा म्हणाले. "नको कोण म्हणालं असतं?"

काटेवाल्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला.

"आठ दिवस मी शर्टाची बटणं बायकोकडून लावून घेतोय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी वाकून स्क्रू आवळला, दात-ओठ खाऊन आवळला, आणि बॉनेट आपटलं. "न्या गाडी. माझ्यासमोर उभे राहू नका."

काटेवाले निघाले. दोन वळणं गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. छातीत काहीतरी दुखत होतं, आणि ते दुखणं ओळखीचं नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला. एरवी तीच करायची.

"काय झालं बाबा? बंद पडली ना?"

"नाही गं. गाडी ठणठणीत आहे."

"मग?"

लेक तिकडून हॅलो, हॅलो करत राहिली.

"अगं," ते म्हणाले, "तुझी आई गेली गं."

अकरा महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या दारात हे वाक्य लेकीनंच त्यांना सांगितलं होतं, आणि तेव्हा ते हूं म्हणाले होते.

"हो बाबा," ती म्हणाली. "गेली."