पुसट आलेली फ्रेम

भिंगरीला एखादी गोष्ट जमायला लागली की घरात तिच्यापुढे कुणाला बोलायची सोय उरत नसे. सध्या तिला सिनेमाच्या डिस्कमधून फोटो काढणं जमायला लागलं होतं. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरने तिच्या हातावर नुसता काळा चौकोन ठेवला. मग कळलं, साधा स्क्रीनशॉट इथे चालत नाही, प्लेयरमधूनच फ्रेम उचलावी लागते. तेव्हापासून बाईसाहेब हवेत होत्या.

"मग माझं एक काम करशील?" आजोबांनी विचारलं.

आजोबा तरुणपणी सिनेमाच्या सेटवर लाइट धरायचे. त्यांनी काम केलेला एक जुना सिनेमा आता लख्ख होऊन ब्लू-रे डिस्कवर आला होता आणि भिंगरीने तो चित्रकलेच्या सरांकडून मागून आणला होता. त्यात बाजाराच्या गर्दीतून टोपली घेऊन एक मुलगी जाते. आली म्हणेपर्यंत गेलीसुद्धा. ती आजी. आजी आता नव्हती आणि आजोबांची नजर विझत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर त्यांना तिचा मोठा फोटो डोळे भरून बघायचा होता.

"ती वळते ना, तेव्हाचा..."

"आजोबा, ते माझ्यावर सोडा! असा काढते, की बघतच राहाल."

तिने खरंच जीव ओतला. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेली. आजी मान वळवायची तिथे चेहरा पार फिसकटायचा, डोळ्यांच्या जागी नुसते ओघळ. छे, कचरा! त्याच्या आधीची फ्रेम मात्र इतकी स्वच्छ, की टोपलीची वीणसुद्धा दिसत होती. तीच तिने मोठी छापून आणली.

आजोबांनी फोटो खिडकीपाशी नेला, डोळ्यांना अगदी चिकटवला. बराच वेळ बघितला.

"छान आलाय हो."

"नुसता छान? एक नंबर म्हणा!"

"एक नंबर."

शाळेत, शेजारी, मावशीला फोनवर, सगळीकडे भिंगरीने आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

पुढे आजोबांना फक्त उजेड-अंधार कळायला लागला. आई तो फोटो त्यांच्या पलंगासमोर लावायला निघाली, तर म्हणाले, "बाहेरच्या खोलीत लाव. त्यात ती माझ्याकडे कुठे बघतेय?"

भिंगरीच्या हातातला खिळा हातातच राहिला. "म्हणजे?"

"अगं, मी कॅमेऱ्याशेजारी लाइट धरून उभा होतो. चालता चालता ही बया वळली आणि माझ्याकडे बघून हसली! दिग्दर्शक असा खवळला म्हणतेस... पण तेवढं राहून गेलं सिनेमात. आमची ओळख तिथली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू किती खुशीत होतीस."

त्याच संध्याकाळी तिने सरांकडून डिस्क पुन्हा आणली. तो कचरा शोधला, छापला आणि आजोबांच्या हातात दिला.

"पुसट आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. डोळे तर नीट दिसतच नाहीयेत."

"आणि हसतेय?"

भिंगरीने वाकून बघितलं. पहिल्यांदाच, नीट. "हसतेय, आजोबा."

"मग तीच."

ते खिडकीकडे वळले आणि पूर्वीसारखाच फोटो डोळ्यांना चिकटवला. उलटा धरला होता. सरळ करायला भिंगरीने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.