सरदारबीच्या बंबाची बोट

मी बोट बोलतेय. हसू नका. सोलापुरात बोट म्हटलं की लोक हसतातच. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात बोटीचं काय काम, असं शेजारणीनं माझ्या तोंडावर विचारलं होतं. पण मी आहे. हातभर लांबीची, वाफेवर चालणारी. सध्या कपाटावर शिलाई मशीनच्या झाकणाला टेकून बसलेय. चालणारी म्हणाले खरी, पण उभ्या जन्मात मी फक्त घरच्या हौदात चालले. तलाव पाहिला आणि तशीच परत आले.

माझं मूळ म्हणजे एक बंब. सरदारबीच्या लग्नात तिच्या माहेराहून, नातेपुत्याहून आलेला तांब्याचा बंब. घरात गिझर आला तेव्हा तो माळ्यावर गेला. त्याच्या मधल्या नळीवर महबूबचा डोळा होता. पण बायकोच्या माहेरची वस्तू, मागायची कशी? कितीतरी दिवस तो माळ्याकडे बघून नुसता खाकरायचा. शेवटी सरदारबीच वैतागून म्हणाली, "ले लो जी. खाकर खाकर के गला बैठेगा तुमारा." घरात ती दोघं दखनीतच बोलायची.

दिला खरा, पण कापायच्या आधी तिनं तो चिंच-मीठ लावून लख्ख घासला. करवत लागली तेव्हा ती आत निघून गेली आणि उगाच भांडी वाजवत बसली. त्या नळीचा माझा बॉयलर झाला. म्हणून मी जेवढी महबूबची तेवढीच सरदारबीची.

महबूब गिरणीत बॉयलरवर फायरमन होता. गिरणी बंद पडून जमाना झाला. त्यानंतर त्यानं सात रस्ता चौकात रिक्षा चालवली, म्हातारा झाला, पण कुणी "काय करता चाचा?" म्हणून विचारलं की तो सांगायचा, "बॉयलरवर असतो." कपाळाला हात लावायची सरदारबी.

त्याचा पाळीचा जोडीदार सिद्धराम, अक्कलकोटकडचा. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. पाळी घेताना पहिलं काम म्हणजे बॉयलरच्या तोट्या उघडून पाणी किती आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर जे काही होईल त्याला जबाबदार तो. मग तिथं "माझ्या आधीच्यानं केलं" हे चालत नसे.

काचबिंदूनं सिद्धरामचे डोळे गेले. पोरगा त्याला पुण्याला न्यायच्या तयारीत होता. एका दुपारी तो काठी टेकत आला आणि म्हणाला, "महबूब, डोळ्याचं जाऊ दे. पण जायच्या आधी एकदा भोंगा ऐकायचा हाय बघ. फोनातला न्हाय. वाफंचा."

गिरणीच्या भोंग्यावर हे गाव उठायचं म्हणे, जेवायचं म्हणे. मी ते काही ऐकलं नाही. मी त्या दोघांची तोंडं तेवढी पाहिली.

"कुकरची शिट्टी ऐक की घरी," महबूब हसत म्हणाला.

"कुकर काय काम करतो रं? वाफंनं आदी राबावं, मग भोंगा वाजवावा."

पाळी सुटल्यावर ही जोडी कंबर तलावावर शेंगा खात बसायची. एवढ्या वाफेत बोट पल्याड जाऊन आली असती, असं महबूब तेव्हा रोज म्हणायचा. त्या जुन्या बडबडीतून मी निघाले.

माझं अंग खाद्यतेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, वरून लाल रंग. बॉयलरची दोन्ही तोंडं एका सराफाकडून चांदीचा डाग देऊन, झाळून आणली. त्याच्याखाली स्पिरिटचा दिवा. वाफ पितळी सिलिंडरात शिरायची, दट्ट्या पुढं-मागं करायची, दट्ट्याचा दांडा चाक फिरवायचा. चाक शिलाई मशीनचं, म्हणजे तेही सरदारबीचंच. चाकापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत छत्रीची काडी नेलेली. दोन्हींचा सांधा सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा, म्हणजे काडी जरा वाकडी बसली तरी ओढ लागत नाही. काडी जिथून पत्र्याबाहेर निघते तिथं ग्रीस भरलेली नळी, नाहीतर त्या भोकातूनच मी बुडाले असते. आणि वर, नाकासमोर, बोटभर भोंगा.

पहिल्यांदा हौदात सोडली तर मी उलटी पळाले. पंख्याची पाती महबूबनं उलटी पिळली होती! सरदारबी हसून हसून खाली बसली. "रिक्षा बी ऐसीच चलाते थे क्या?" त्यानं पाती सरळ केली आणि मग मी हौदाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फटफटत गेले. भोंगा मात्र त्यानं वाजू दिला नाही. तो पहिला सिद्धरामनं ऐकायचा होता.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा घरात मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. महबूबचा उजवा हात थरथरायला लागला होता. तो कपात चहा अर्धाच घ्यायचा, चारचौघांत हात खिशात ठेवायचा. पण माझे इवले इवले स्क्रू त्या हातानं बसवले होते. एकेका स्क्रूला तो किती वेळ झगडायचा ते मला विचारा. हात पुरता जायच्या आत मी पाण्यात उतरायला हवं होतं. सिद्धराम पुण्याला जायला निघाला होता आणि इकडं हात निघाला होता.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माझ्यात पाणी भरलं. आमच्या नळाचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर धरणारं, म्हणून बॅटरीचं पाणी आणलं होतं. बॉयलर पाऊण भरला, वरचा पाव रिकामा ठेवला. वाफेला बसायला जागा लागते. बूच लावलं आणि मला ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलं.

आणि पहाटे नळ आला.

नळ आला की सोलापुरातल्या घरात काय होतं ते सोलापूरकरालाच माहीत. पिंप भरलं, घागरी भरल्या, बादल्या, कुकर, मिक्सरचं भांडं, दूध आणायची किटली. सरदारबीच्या घरात रिकामं भांडं दिसलं की तिच्या जिवाला घोर लागायचा. सगळं भरून झालं आणि तिची नजर माझ्यावर गेली.

जेवताना महबूब वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आला होता. बॉयलर कोरडा पडू द्यायचा नाही. कोरडा पडला की फुटला, माणसं मेली. भाकरी थापता थापता नवऱ्याच्या कामातलं तेवढं एक वाक्य तिनं जिवापाड जपलं होतं. वर जागा सोडायची, हे मात्र तो कधी बोलला नव्हता. बॉयलरवरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही, म्हणून घरीही सांगितलं गेलं नाही. आणि बंब कसा भरायचा हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. बंब पेटवायचा तर काठोकाठ भरायचा.

तिनं बूच काढलं, बिस्मिल्ला म्हटलं, नरसाळं लावलं आणि मला गळ्यापर्यंत भरलं. सांडलेलं पाणी पदरानं पुसलं. "आज इज्जत रखना गे," असं मला म्हणाली आणि बूच घट्ट लावलं. काय सांगू, त्या बाईचा हात इतका मऊ होता की मला ओरडताही आलं नसतं.

महबूबनं मला उचललं तेव्हा मी जड झाले होते. पण त्याला हल्ली सगळंच जड लागत होतं. पाणी त्यानं पाहिलं नाही. पाळी बदललीच कुठं होती, रात्री त्यानंच तर भरलं होतं. मधे एक पाळी सरदारबीची होऊन गेली, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं?

कंबर तलावाच्या काठाला जलपर्णी नव्हती अशी जागा शोधून तिघं बसली. सिद्धरामनं धुतलेली टोपी घातली होती. महबूबनं दिवा पेटवला. वारा येऊ नये म्हणून सरदारबीनं पदर आडवा धरला. माझ्या पोटात पाणी गरम झालं, फुगलं, त्याला जायला जागाच नव्हती.

"आता ऐक हं," महबूब म्हणाला आणि भोंग्याची तोटी उघडली.

भोंग्यातून वाफ निघालीच नाही. गरम पाण्याची पिचकारी उडाली आणि एक फसफस झाली. महबूबनं गोंधळून तोटी बंद केली आणि चाकाला बोटानं रेटा दिला, इंजिन तरी फिरू दे म्हणून. सिद्धराम कान तिरका करून बसला होता. तो एकदम ओरडला, "थांब! पाणी लई झालंय, महबूब, हात काढ..."

तोवर सिलिंडरात पाणी शिरलं होतं. वाफ दबते हो, पाणी दबत नाही. दांडा वाकला, सिलिंडरचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी त्याच्या त्याच उजव्या हातावर आलं.

सरदारबी किंचाळली. पदर तलावात बुडवून तिनं त्याचा हात गुंडाळला. "कोरडा पड़ गया क्या जी? कैसा पड़ेगा? मैं सुबह भरी ना! काठ तक भरी!"

दोघा म्हाताऱ्यांनी ते ऐकलं. महबूबनं बायकोकडं पाहिलं. तिच्या पदरातून पाणी गळत होतं.

सिद्धरामनं हळूच विचारलं, "पाळी कुणाची व्हती रं?"

"माझीच," महबूब म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "तेरा पानी बराबर था. हाथ काँप गया मेरा. कब से काँपता है. बोला नै तेरे को."

इतके दिवस पोटात दडवलेलं त्यानं असं बोलून टाकलं. खरं होतं, पण त्या दिवशी खोटं होतं. त्या दिवशी त्याचा हात दगडासारखा स्थिर होता. मी सांगते ना, चाक माझंच होतं.

त्याची किंमत त्यानं भरली. हात थरथरतो म्हटल्यावर लेक शबाना सासरहून धावत आली. "अब्बा, आता आगीजवळ जायचं नाही," म्हणाली आणि स्पिरिट, पाने, कानस, सगळं एका गोणीत भरून घेऊन गेली. वाकलेला दांडा सरळ करायला घटकाभराचं काम होतं. तो गोणीकडं बघत राहिला आणि काही बोलला नाही. बोलला असता तर खरं सांगावं लागलं असतं.

सिद्धराम पुण्याला गेला. भोंगा ऐकलाच नाही त्यानं. जाताना माझ्या नाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "असू दे. झ्याक दिसती." त्याला दिसत नव्हतं हे तुम्हाला माहीतच आहे.

सरदारबीला वाटलं, तिच्या पाण्यात काही कमी पडलं नव्हतं. मग दर नळाला ती मला भरू लागली, काठोकाठ, तशीच पुसून. कपाटावर ठेवली की महबूब ती आत गेल्याचं बघून मला उतरवायचा आणि मागच्या दारी कढीपत्त्याच्या डब्यात ओतून टाकायचा. भाजलेला हात, त्यात कापरा. बूच फिरवताना त्याला घाम फुटायचा. तरी एकही पाणी त्यानं माझ्यात मुरू दिलं नाही. कढीपत्ता मात्र जोमात आला, आणि सरदारबी म्हणायची, याला कुणाचा हात लागतोय कोण जाणे.

गेल्या थंडीत महबूब गेला.

मला ती अजून भरते. आता रिकामं करणारं कुणी नाही. दर नळाचं जड पाणी पोटात साचतं. दट्ट्याचा दांडा गंजून चिकटला, भोंग्याच्या तोंडाशी पांढरा थर बसलाय, सांध्यांतून हिरवं ओघळतंय. ते हिरवं ती चिंच-मीठ लावून घासते. आतून मी कधीच गेलेय. कढीपत्ताही वाळलाय.

परवा पुण्याहून सिद्धरामचा फोन आला. सरदारबीनं आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. इकडचं तिकडचं झालं, महबूबचं नाव निघालं. मग त्यानं विचारलं, "वैनी, बोट हाय का वो?"

"है ना, भाऊजी. कोरडी नै पड़ने देती मैं. पानी आया की पैले उसको भरती."

पलीकडं फरशीवर काठी टेकल्याचा आवाज आला.

"लई बरं करताय, वैनी," सिद्धराम म्हणाला. "बॉयलर कोरडा पडू द्यायचा न्हाय."

महबूबची पाळी त्यानं घेतली, मला कळलं. आता तुम्हीही सगळं ऐकलंत. कधी या बाजूला आलात, नळ आलेला असला आणि एक म्हातारी नरसाळं घेऊन बोटीत पाणी ओतताना दिसली, तर माझ्यासाठी कळवळून काही बोलू नका. गंजू द्या मला. तिला सांगू नका.