मंडळाचा दहावा

ओसाकातल्या एका विद्यापीठात इतिहासाच्या गुणवंत विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं. आत यायला भरपूर मार्क लागत; आत आल्यावर काहीच लागत नसे. स्वरूपा एमएला पहिली आली, तेव्हा तिला खांद्यावरचा जांभळा पट्टा मिळाला आणि त्याबरोबर एक कामही.

"वर्धापनदिन येतोय, दहावा," अध्यक्ष अंबरीष म्हणाला. तो ठाण्याहून पीएचडीला आलेला. "मंडळाचा इतिहास लिही आणि समारंभात वाच. दोन पानं पुरेत."

स्वरूपाने जुनी खोकी उपसली. बहुतेक बैठका पट्ट्याचा रंग ठरवण्यात गेल्या होत्या. एक व्याख्यान ठरलं होतं, तेही वक्ता सभासद नाही म्हणून रद्द. आणि स्थापनेचा ठराव सापडला, तो सात वर्षांपूर्वीचा.

"अरे, आपल्याला सातच वर्षं झालीत!" ती अंबरीषला म्हणाली.

"माहितीये गं. पण सातव्याला कोण येतं? डीन दहाव्याला येतायत."

"आपण इतिहासवाले ना?"

"म्हणूनच तर! तारखा कशा ठरतात, हे आपल्याइतकं कोणाला कळतं?"

समारंभाला तिचे वडील विजयकुमार शिनकानसेन या बुलेट ट्रेनने आले. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगला पट्ट्याची बातमी कळलेली होती. स्वरूपाने वाचलं, "मंडळाची स्थापना सात वर्षांपूर्वी झाली."

डीननी बुटांकडे पाहिलं. अंबरीष उठला, कमरेत वाकला आणि गुळगुळीत जपानीत म्हणाला, "स्वरूपा-सान नवीन आहेत, गोंधळल्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि 'दहा' लिहिलेला केक कापला.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. परंपरेचा अनादर केल्यामुळे सभासदत्व रद्द. पत्रावर तारीख मात्र समारंभाच्या आदल्या दिवसाची होती. स्वरूपाला आधी रडू आलं, मग हसू. तिने ते पत्र आणि आपली दोन पानं विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन दिली. तिथल्या बाईंनी काही न विचारता दोन्हींवर शिक्का मारला.

मग तिने वडिलांना फोन केला. "बाबा, मला काढलं."

"तू वाचलंस ते बरोबरच होतं. पण बिल्डिंगमध्ये काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"ते जरा अवघड आहे गं," ते म्हणाले. "तूच राजीनामा दिलास म्हणून सांगतो."