थोरलीचं ‘नाही’

तुम्ही तिघं कायदा कोळून प्यायलेले, आणि सगळ्यात घाणेरडं काम मात्र बहिणीवर जळणाऱ्या एका बाईच्या गळ्यात मारलंत. तिच्या तोंडून एक शब्द काढलात, आणि तुमचे हात कोरडे!

ती बाई म्हणजे थोरली. बाजारात कुलपं दुरुस्त करायचं, किल्ल्या घासायचं दुकान तिचं. घरात आई आणि धाकटी बहीण. धाकटीने तिशी ओलांडली तरी आईसाठी ती ‘छकुली’. थोरलीला हाक एकच: “ऐक गं.”

आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी विष कालवतंय, असं धाकटीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. औषधाच्या गोळीला तर ती शिवायचीही नाही. मग आईने युक्ती काढली. घास आधी स्वतः चाखायचा, मग तिला भरवायचा. पेल्यातला पहिला घोटही आईचाच. थोरली केसांत लोखंडाचा कीस घेऊन घरी यायची आणि हे लाड बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती स्वतः तापाने फणफणली तेव्हा आईने बाटली नुसती पुढे सरकवली होती.

“मलाही दे की एकदा चाखून,” ती एका संध्याकाळी म्हणालीच.

“तुला काय धाड भरलीय?”

“तेच तर. धाड भरायलाही नशीब लागतं.”

मग आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात राहिली. थोरलीने धाकटीसमोर घोट घेऊन दाखवला, घास खाऊन दाखवला. धाकटीने तोंड फिरवलं. “तू आई नाहीस.” शेवटी ती न्हाणीघरात कोसळली, तिला उचलून सलाइन लावावं लागलं, आणि तिला मनोरुग्णालयात ठेवायचं का, हे ठरवायला प्रकरण तुम्हा तिघांच्या मंडळाच्या टेबलावर आलं.

तुमच्या अध्यक्षबाईंनी समजावून सांगितलं. मर्जीविरुद्ध ठेवून औषध द्यायचं तर जिवाला धोका हवा, तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या. आणि घरी ठेवून भागत असेल, तर ठेवता येणार नाही.

“मी आहे ना!” एका डोळ्यावर पट्टी बांधलेली आई म्हणाली. “माझ्या हातून जेवते ती.”

“आणि तुम्ही नसाल तेव्हा?”

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या.

“ताई, सांग ना यांना,” धाकटी म्हणाली. “मला घरी यायचंय.”

“तुम्ही सांभाळाल?” बाईंनी विचारलं.

आपल्या हातचं ती खात नाही, हे खरंच होतं. पण त्या खऱ्याच्या आधी थोरलीच्या मनात दुसरंच येऊन बसलं होतं: ठेवा हिला इथंच, आणि आई मला द्या. दोन्हींना शब्द एकच पुरला.

“नाही.”

तुम्ही तेवढ्यावर हुकूम काढलात. बाहेर आल्यावर आई तिच्याकडे बघून म्हणाली, “जळकुकडी मेली!” ‘ऐक गं’ सोडून आईने तिला दिलेलं हे पहिलं नाव.

थोरलीने त्या रात्री दोन ताटं वाढली. आईने हात लावला नाही. सकाळ झाली की ती धाकटीच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसायची, ती अंधार पडल्यावर झोपण्यापुरती परतायची. थोरली ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवायची. तिकडे गोळ्या लागू पडल्या. धाकटी स्वतःच्या हाताने जेवू लागली, आणि बाकावर बसलेली आई तेवढं ऐकून हरखायची. थोरलीला तेही सहन होईना.

शेवटी एके दुपारी दुकानाचं शटर ओढून ती तडक अध्यक्षबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“तुमचा निकाल बरोबर निघाला, बाई. ती जेवतेय. पण तिला खोदून खोदून विचारलंत, आईला विचारलंत, आणि माझं ‘नाही’ तेवढं जसंच्या तसं उचललंत. ‘का नाही?’ एवढं विचारायला जीभ झिजली असती का? मी खरं बोलले होते की जळून बोलले होते, मलाच कळत नाही. उद्या ती बरी होऊन दारात येईल आणि हेच विचारेल. काय सांगू तिला? खाली काय बघताय? बोला!”